शिशाचं जहाज

माणसांपेक्षा मला नाण्यांवरची जहाजं जास्त आवडतात, असं मी एके काळी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. ती उलट बोलत नाहीत, पाहुणचार मागत नाहीत, शतकानुशतकं एकाच बाजूला तोंड करून उभी असतात. ऐकणारे हसायचे आणि आपण चारचौघींपेक्षा वेगळ्या आहोत असं मला वाटायचं. हल्ली मी हे सांगत नाही. त्यातलं एक जहाज मी चोरलं. हा शब्द लिहायलाच मला दहा वर्षं लागली. आधी मी ‘ठेवून घेतलं’ म्हणायचे, त्याच्याही आधी ‘जपून ठेवलं’ म्हणायचे, आणि सुरुवातीला तर काहीच म्हणायचे नाही.

मी पनवेलच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. नाण्यांचा नाद लग्नाआधीपासूनचा. पण नाद मोठा आणि पगार मास्तरणीचा, त्यामुळे माझ्याकडे खरी जुनी नाणी मोजकीच होती, आणि तीही झिजलेली. बाकी सगळी चित्रं. लांबरुंद वह्या आणून त्यांत मी नाण्यांचे फोटो चिकटवायचे, न मिळाले तर पेन्सिलीने काढायचे. त्यातली एक अख्खी वही समुद्राची होती. ग्रीकांच्या नाण्यांवरचे डॉल्फिन, आठ पायांचा ऑक्टोपस, एका शहराच्या नाण्यावर तर नुसता खेकडा, आणि आपल्याकडची सातवाहनांची शिशाची जहाजं. आमचे हे म्हणायचे, “आपल्या घरात मासे खायला कमी आणि बघायला जास्त.”

खायचे मासे घेऊन गव्हाणची मावशी यायची. दर रविवारी सकाळी, डोक्यावर टोपली, हिरव्या बांगड्या, कमरेला चंची. तेव्हा आम्ही जुन्या पनवेलात तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. मावशी उंबऱ्याबाहेर विळी मांडून मासे साफ करायची आणि मी उंबऱ्याच्या आत पाटावर वही घेऊन बसायचे. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणायचे आणि मनात ती. वयाने ती माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी असेल.

एका रविवारी तिने विळीवरून मान उंच करून वहीत डोकावलं. खेकड्याचं पान उघडं होतं.

“ह्यो कुनी कारला?” काढलेल्या चित्राकडे बोट करून तिने विचारलं.

“हे नाणं आहे मावशी. फार जुनं. परदेशातलं.”

“चिंबोरी चांगली हाय. नांग्या बराबर कारल्यान.” मग जरा विचार करून म्हणाली, “भरलेली हाय का पोकल?”

“आता ते मला काय माहीत!”

“उलटी करा ना. वरून कसा समजनार?”

मी पान उलटलं. मागच्या बाजूला गरुड होता. मावशी एवढी हसली की हातातला बोंबील खाली पडला. पुढे कितीतरी दिवस ती आल्या आल्या विचारायची, “बाई, चिंबोरीचा पक्षी काय बोलतो?” मला ते फार आवडायचं. आमची ओळख होऊन सात वर्षं झाली होती आणि आमचं गूळपीठ त्या खेकड्यापासून जमलं.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट असेल. जहाजाचं पान उघडं होतं. दोन डोलकाठ्या, वर दोरखंडांच्या रेघा, खाली पाण्याच्या लाटा. मावशीने हात पदराला पुसले, वही जवळ ओढली आणि बराच वेळ बघत राहिली.

“आसा आमचे घरी हाय,” ती म्हणाली.

“काय आहे?”

“ह्यो. जहाज. शिशाचा.”

माझा विश्वास बसला नाही. ही नाणी सापडतात ती पूर्वेच्या किनाऱ्याला, तिकडे आंध्रात. आपल्या खाडीत एखादं सापडलं असेल तर त्याचा अर्थ मोठा होता. मी तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. मावशीच्या सासूला तरुणपणी खडकावरची कालवं काढताना चिखलात ते सापडलं होतं. सासूने ते देवाजवळ ठेवलं आणि मरताना सुनेच्या हातात दिलं. त्यांच्या घरात त्याचा एक रिवाज होता. नारळी पुनवेला खोबरेल तेल लावून ते चांगलं चोळायचं, विड्याच्या पानावर ठेवायचं, आणि ते पान होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाशी. घरातल्या पुरुषाने त्याला हात लावायचा, नमस्कार करायचा आणि मग होडी पाण्यात लोटायची.

“ते जहाज मोठा, आमची होरी लहान,” मावशी म्हणाली. “मोठ्यानं लहानाला पान्यात उतरवायचा. मंग भ्या नाय.”

मी ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. ती वही अजून आहे. तारीख सोडून सगळं लिहिलंय.

त्या पावसाळ्यात शाळेत इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं होतं आणि एक टेबल माझं होतं. मी मावशीकडे नाणं मागितलं. “ते घराचे भायेर नाय जात,” ती म्हणाली. मी सोडलं नाही. शाळेतल्या बाईंचा आवाज काढला, जो मी वर्गात काढायचे. मुलांना कळायला नको का, तुमचा किनारा किती जुना आहे ते? तुमच्या सासूबाईंनी केवढं मोठं काम केलंय ते? हे सगळं खरंच होतं, म्हणून तर मी ते इतक्या सहज बोलू शकले. दोन रविवार ती नाही म्हणाली. तिसऱ्या रविवारी चंचीतून मिश्रीची पत्र्याची डबी काढून तिने माझ्या हातावर ठेवली.

“नारली पुनवेचे आदी द्या पन, बाई. इसरू नका.”

डबीत, फडक्यात गुंडाळलेलं, जुन्या आठ आण्याएवढं नाणं होतं. काळंभोर, जाड, तेलाने गुळगुळीत झालेलं. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला जोडलेली चार वर्तुळं. मी ते हातात घेतलं आणि मला रडू आलं, हे खरं आहे. आयुष्यभर फोटो बघितले होते. माझ्या मनात त्याच क्षणी एक लबाड विचार येऊन गेला, हेही खरं आहे.

प्रदर्शनात मुलांच्या हातून हरवेल म्हणून मी त्याची नक्कल करायचं ठरवलं. हेतू चांगला होता, असं मी अजूनही म्हणते. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा केला. उरण नाक्यावरच्या दुकानातून जाळ्याला लावायची शिशाची वजनं आणली आणि जुन्या लोखंडी पळीत गॅसवर वितळवली. हे खोकत खोकत ओरडत होते की स्वयंपाकघर आहे का कारखाना. दोन वेळा बिघडलं, तिसऱ्या वेळी जहाज छान उठलं. मग मी त्याला काळं बूटपॉलिश लावलं आणि वरून तेलाचा हात फिरवला. प्रदर्शनातल्या नकलेला इतकं रंगवायची काय गरज होती? तिच्याशेजारी तर मी ‘नक्कल’ अशी चिठ्ठी लावणार होते. हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

चिठ्ठी मी लावली नाही. प्रदर्शन झालं, मुलं आली, पालक आले, कोणी त्या टेबलापाशी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबलं नाही. शेजारच्या टेबलावर थर्माकोलचा किल्ला होता, सगळी गर्दी तिकडे.

नारळी पुनवेच्या आधीच्या रविवारी मावशी आली. मिश्रीची डबी माझ्या टेबलावर होती, आणि दोन्ही नाणी टेबलाच्या खणात. आत जाऊन मी खण उघडला. कोणतं कुठलं हे मला अंधारातसुद्धा कळलं असतं. मी नक्कल फडक्यात गुंडाळली, डबीत घातली आणि बाहेर येऊन तिच्या हातात दिली. यात घोटाळा झाला नाही, गोंधळ झाला नाही, घाई नव्हती. मावशीने डबी उघडून बघितली, नाणं कपाळाला लावलं, डबी चंचीत ठेवली आणि गेली.

त्यानंतर मी स्वतःला जे जे सांगितलं ते आठवलं की आज मला माझी शिसारी येते. तिच्या घरी ते तेलात, कुंकवात, खाऱ्या हवेत किती दिवस टिकणार? एखाद्या वर्षी नाळेवरून पाण्यात पडलं म्हणजे संपलंच. माझ्याकडे ते सुरक्षित राहील. पुढे कधीतरी मी त्याच्यावर लेख लिहीन, एखाद्या वस्तुसंग्रहालयात देईन, त्यांच्या गावाचं नाव होईल. तिला तर काय, होडीवर ठेवायला काहीतरी शिशाचं लागतं, ते तिच्याकडे आहेच. असं सगळं. शिकलेल्या माणसाला चोरी करताना कारणं फार लवकर सुचतात.

लेख मी लिहिला नाही. लिहिणार कसा? पहिल्याच ओळीत कुठे सापडलं, कोणाकडून मिळालं, हे लिहावं लागतं. नुसतं कोणाला दाखवलं तरी पहिला प्रश्न तोच आला असता. म्हणजे माझ्या अख्ख्या नादातलं एकमेव मोलाचं नाणं मला कोणालाही दाखवता येत नव्हतं. सुरुवातीला मी ते एकटीच काढून बघायचे. मग महिन्यातून एकदा, मग दिवाळीच्या साफसफाईला. मग नजर चुकवायला लागले, जशी आपण पैसे बुडवलेल्या दुकानासमोरून जाताना चुकवतो.

मावशी मात्र यायची. मी भाव करणं बंद केलं. ती सांगेल तो भाव, ती देईल तेवढे मासे. आम्ही घरात दोघंच आणि फ्रीजमध्ये मांदेली शेजारच्या तीन घरांना पुरतील एवढी. हे विचारायचे, “तुला झालंय काय? आधी दोन रुपयांसाठी अर्धा तास घालवायचीस.” दिवाळीला मी तिला फराळाचा डबा भरून द्यायचे, नवी साडी द्यायचे. ती घ्यायची. तिने कधीच नको म्हटलं नाही आणि कधी फार खूश झालेलीही दिसली नाही. खेकड्याच्या पक्ष्याबद्दल मात्र ती पुन्हा कधी बोलली नाही. वयामुळे विसरली असेल, असं मी धरून चालले.

एका नोव्हेंबरात अचानक वादळ आलं. मासेमारी ऐन भरात असताना, होड्या बाहेर असताना. टीव्हीवर उरणकडच्या होड्या परतल्या नसल्याची बातमी चालली होती. मावशीचा मुलगा रोज त्याच बाजूला त्यांच्या होडीवर जायचा. मी नवसाला, दैवाला मानणारी बाई नाही. वर्गात मुलांनाही तेच शिकवायचे. पण त्या दिवशी मी शाळेतून घरी येऊन खुर्चीत बसले ती उठूच शकले नाही. त्या पोराने नकलेला हात लावून होडी लोटली होती. माझ्या गॅसवर वितळवलेल्या नकलेला. त्याला काही झालं असतं तर त्याच्याशी त्या शिशाचा काडीचा संबंध नसता, हे मला कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

रविवारी मावशी आली. टोपलीत मासे नव्हते, नुसती रिकामी टोपली.

“पोर आला, बाई,” ती म्हणाली. “होरी पन आली. जाली गेली सगली.”

मी उंबऱ्यात बसून हमसून रडले. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. आता सांगू, आत्ताच्या आत्ता सांगू, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, “बरं झालं हो. देवाची कृपा.” ती टोपली उचलून गेली. मासे नसताना ती गव्हाणहून पनवेलला कशाला आली होती, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

पुढे आम्ही नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मला वाटलं, आता मावशी सुटली, म्हणजे मी सुटले. तिने जुन्या शेजाऱ्यांकडून पत्ता काढला आणि तिसऱ्याच रविवारी टोपली घेऊन दारात हजर. त्या इमारतीत बहुतेक सगळे शाकाहारी. तरी ती गुडघ्यावर हात ठेवत दोन जिने चढून यायची. माणसाची माया असते, मी ह्यांना म्हणायचे.

नव्या घरात मी हौसेने नाण्यांसाठी कपाट करून घेतलं. सुताराकडून, प्लायवूडचं, छोटे छोटे खण, आत मखमल, बाहेरून चकचकीत पॉलिश. ते जहाज मी सगळ्यात खालच्या खणात अगदी मागे ठेवलं आणि खण लावून टाकला. तो खण मी किती वर्षं उघडला नाही हे मला नक्की सांगता येणार नाही. चार तरी असतील. त्या दरम्यान मावशीचे गुडघे पार गेले आणि तिचं येणं बंद झालं. मी एकदाही तिच्या घरी गेले नाही. फोन नंबर होता, केला नाही. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

मग एकदा घरात वाळवी दिसली म्हणून सगळी कपाटं रिकामी केली. खालचा खण ओढला. मखमलीवर पांढरी पावडर पडली होती. आधी मला वाटलं भिंतीचा चुना. मग तिच्यात मध्ये काळ्या कवचासारखे दोन-तीन तुकडे दिसले. मी एक तुकडा उचलला तो बोटात भुगा झाला. डोलकाठी नाही, लाट नाही, मागची वर्तुळं नाहीत. बाकीची तांब्याची नाणी शेजारच्या खणांत ठणठणीत होती.

नाण्यांतले एक जाणकार गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. त्यांना फोन करून मी, जणू दुसऱ्याच कोणाचं आहे असं दाखवत, विचारलं. ते हळहळले. “शिसं कधी लाकडी कपाटात ठेवतात का बाई? नव्या प्लायवूडच्या गोंदाची, पॉलिशची वाफ त्याला खाऊन टाकते. बंद खणात तर फारच. नवशिक्यांची नेहमीची चूक.” मी विचारलं, आणि तेल लावून ठेवलं असतं तर? ते म्हणाले, “वरून तेलाचा थर असता, मोकळ्यावर असतं, तर काय धाड भरली होती त्याला? पूर्वीच्या लोकांकडे राहिलीच ना.”

मी फोन ठेवला. जे मी वाचवायला घेतलं होतं ते माझ्याच घरात मेलं. तिच्या घरी ते तिच्या सासूपासून जिवंत होतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ह्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते नेहमीसारखे काहीतरी बोलतील असं वाटलं होतं, पण जेवताना ते एवढंच म्हणाले, “जाऊन ये.”

पावडर एका प्लास्टिकच्या डबीत भरून मी गव्हाणला गेले. गव्हाण फाट्यावर उतरले तेव्हा कंटेनरच्या ट्रेलरांची रांग जासईकडे तोंड करून उभी होती. तिच्या कडेकडेने चालत गावात शिरले. मावशीचं घर दाखवायला कोणाला वेळ लागला नाही. पक्कं दुमजली घर झालं होतं, पुढे फरशी घातलेली ओटी. मावशी ओटीवर पाय पसरून मांदेली निवडत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“बसा बाई,” ती म्हणाली.

मी खाली बसले आणि तोंड उघडलं. सगळं एका दमात सांगितलं: साचा, पळी, बूटपॉलिश, दोन नाणी, कोणतं उचललं. ती मासे निवडत होती. मी थांबल्यावर म्हणाली,

“मना ठावा हाय.”

“कधीपासून?”

“तुमी दिलाव त्याच दिवशी.”

मला वाटलं, वजनावरून ओळखलं असेल, किंवा बोटांना कळलं असेल. मी तसं म्हटलं. तिने मान हलवली.

“त्याला मी घरी येऊन नीट बघितला, ते मागून. आदी तुमाला बघितला. त्या दिवशी तुमी मना आत बोलावलाव. खुर्चीवर बसवलाव. तुमचे फुलांचे कपात चहा दिलाव. सात वर्सात पयल्यांदा.” मग एक मासा बाजूला टाकत म्हणाली, “तवाच मना समजला, बाईंनी काय तरी केला.”

हे मला आठवतच नव्हतं. नाही, आठवत होतं. मघाशी तो प्रसंग वर लिहितानाही मी ते लिहिलेलं नाही, बघा. तोपर्यंतची सात वर्षं ती उंबऱ्याबाहेर स्टीलच्या पेल्यात चहा प्यायची, आणि पेला वेगळा ठेवलेला असायचा, माशांचा वास लागतो म्हणून. तेही मी कुठे लिहिलं?

“मग तुम्ही बोलला का नाहीत, मावशी?”

“काय बोलनार? तुमी बाई. पोरांना शिकवताव. मी बोलले आसते तं तुमी नाय म्हनले आसते, मंग आपला संपला.” ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होती. “मना वाटला, देतील. आज नाय तं उद्या देतील. त्या जिन्याचे घरात कोन गिऱ्हाईक होता मना? तुमचेसाठी चढायची. दर आयतवारी वाटायचा, आज देतील.”

मी पिशवीतून डबी काढून तिच्या पुढे धरली. तिने झाकण उघडलं, पावडरीकडे बघितलं, नाकाजवळ नेली, परत झाकण लावलं.

“ह्यो तो?”

“हो.”

डबी तिने माझ्याकडे परत सरकवली. आवाज चढवला नाही. “होता तवा नाय दिलाव,” ती म्हणाली. “आता नाय, तं सांगाला आलाव.”

मी तिचे पाय धरायला वाकले, पण तिने पाय आखडून घेतले. तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. मावशीने माझा हात घट्ट धरला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिच्या आवाजात घाई आली.

“पोर आला. त्याचेसमोर काय बोलू नका. त्याला ठाव नाय. तो त्याला हात लावून पान्यात जातो.”

मुलगा चाळिशीला आलेला, कानशिलावर केस पिकलेले. बंदराच्या कामावर होता, पण होडी सोडली नव्हती. आईने माझी ओळख करून दिली तसा त्याचा चेहराच उजळला. तो वाकून माझ्या पाया पडला आणि मला मागे सरकायलाही वेळ मिळाला नाही.

“आई सांगत आसते ना तुमचा,” तो म्हणाला. “तुमी जहाज नेलताव शाळेत दाखवाला, आन बोलल्या दिवशी आनून दिलाव. नाय तं आसली वस्तू परत कोन देतो, बाई? मी तवा आईला बोललेलो, गेला म्हनून. आई बोलली, बाई तशा नाय.”

मावशी खाली मान घालून मासे निवडत होती. मुलगा आत गेला आणि ताटली घेऊन आला. ताटलीत विड्याचं पान, पानावर माझी नक्कल. दहा वर्षांच्या तेलाने ती काळीभोर, गुळगुळीत झाली होती. त्याने ती उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

“तुमी इतिहासाच्या ना? मंग आज सांगाच,” तो म्हणाला. “गावात सगले मना विचारतात. खरा किती जुना हाय आमचा जहाज?”

मावशीचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण ऐकत होती.

“दोन हजार वर्षं,” मी म्हटलं.

“बघ आई,” तो म्हणाला, आणि नाणं माझ्या हातातून घेऊन त्याने कपाळाला लावलं.